अमावास्येचा टेम्पो

सेमिनारचे विषय सरांनी चिठ्ठ्यांवर लिहून आणले होते. भोरच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आम्ही मोजकीच मुलं. एकेकानं पुढं जाऊन चिठ्ठी उचलायची. माझ्या मैत्रिणीला लेसर आला, ती खूश झाली. माझ्या चिठ्ठीवर होतं : पृथ्वी अचानक नाहीशी झाली तर चंद्राच्या कक्षेचं काय होईल?

चिठ्ठी वाचल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात सूत्र यायला हवं होतं. पण मला आमचं घर आठवलं. हे नीट सांगता येईल की नाही, मला माहीत नाही. त्याच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी एक बोलणं निघालं होतं आणि ते अर्धवट राहिलं होतं. माझ्यामुळंच अर्धवट राहिलं होतं.

आमचं घर पालीवरून अजून वर, राजगडाच्या एका खांद्यावर आहे. वस्तीत चार-पाच घरं, सगळी आम्हा धनगरांचीच. आबा शेळ्या राखतात. आई म्हशीचं बघते आणि सुट्टीच्या दिवशी गडावर जाणाऱ्या पोरांना वाटेवर बसून ताक विकते. मी आठवडाभर उत्रोलीला मावशीकडं राहून कॉलेज करते आणि शनिवारी घरी जाते. दादा माझ्यापेक्षा मोठा. तो हायवेवरच्या एका कारखान्यात आहे आणि नसरापुरात खोली घेऊन राहतो. त्या रविवारी तो घरी आला, चहा पिऊन झाला आणि म्हणाला,

"आबा, आयेचं गुडघं बगा की. होळीपातुर झरा आटतोय. मंग खाली उतरायचं आन् हंडा घिऊन वर यायचं. आसं किती दिस?"

"मंग?"

"मंग काय, या नसरापूरला. खोली मोटी घेतो."

"आन् शेळ्या? तुज्या पलंगाच्या पायाला बांदू व्हय?"

"येक ठेवा. बाकी द्या मामाला. त्यो कवाधरनं मागतोयच."

आई चुलीपुढं होती. तिनं मान वर न करता विचारलं, "नळाला पानी कवा येतं?"

"रोज सकाळी."

"घरात?"

"घरातच की. मोरीत."

आईनं भाकरी तव्यावर जरा जास्तच वेळ ठेवली.

आबा माझ्याकडं वळले. "ही शिकलेली हाय. ही काय म्हनती बगू. ही म्हनंल तसं."

घरात असा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी गडबडले. म्हणाले, "विचार करून सांगते, आबा."

"एवढं शिकून बी इचारच करायचा आसंल, तर त्यो आमी न शिकता बी करतोय," आबा म्हणाले आणि दादा खो खो हसला. मला हसू आलं नाही. हो म्हटलं तर घर बंद होणार होतं. नाही म्हटलं तर आई हंडा घेऊन चढणार होती. मी म्हटलं, सेमिनार होऊ द्या, मग सांगते. म्हणजे मी पळवाट काढली. आणि दुसऱ्याच दिवशी ती चिठ्ठी आली.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नसे. पुस्तक उघडलं की उठावंसं वाटे. उत्रोलीच्या बांधांवरून मी फिरत राहायचे. भाताची खाचरं कधीच मोकळी झाली होती, नुसती खुंटं उरली होती. मावशी म्हणायची, "काय गं, भुंगा लागल्यागत फिरतीस? बस की जरा हितं." मी बसायचे आणि परत उठायचे.

सेमिनारबद्दल मला वाटलं होतं, सोपं आहे. शेळी खुंटीला बांधलेली असते. दावं ताणून ती गोल फिरते, तिच्या पायांनी जमिनीवर वर्तुळ उमटतं. खुंटी उपटली की शेळी सुटली. तसा चंद्र पृथ्वीला बांधलेला. पृथ्वी गेली की चंद्र सरळ रेषेत निघून जाणार, लांब, अंधारात, परत न येण्यासाठी. हे मी दोन पानं लिहिलं. लिहिताना मला वाईटसुद्धा वाटत होतं. मी चंद्राबद्दल लिहीत होते असं मला वाटत होतं, पण सुट्टीला कुठं जायचं ते न कळणारी एक मुलगीच डोळ्यांपुढं येत होती.

सरांनी ती पानं उभ्या उभ्या वाचली.

"सरळ म्हणजे कुठं जाईल?"

"बाहेर, सर. लांब."

"का? सूर्य रजेवर गेलाय का?"

मागच्या बाकावरचा एक जण फिसकन हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "चंद्राला पृथ्वी किती ओढते आणि सूर्य किती ओढतो, दोन्ही काढून आण. मग बोलू."

हे गणित मी शनिवारी भोरहून सुटणाऱ्या एसटीत केलं. खिडकीची काच खडखडत होती आणि दहाचे घात मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर नीट बसत नव्हते. उत्तर आलं तेव्हा मला वाटलं, शून्यं चुकली. परत केलं. तेच आलं. चंद्राला पृथ्वी जेवढी ओढते, त्याच्या साधारण दुप्पट सूर्य ओढतो.

मैत्रिणीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "अगं, बरोबर आहे. पुस्तकात आहे मागं."

मला हे पटतच नव्हतं. मग तो आमचा चंद्र कसा? सूर्य दुप्पट ओढत असताना तो आपल्याभोवती फिरतो तरी का? नसरापूरला उतरून पालीला सीटा भरून जाणाऱ्या वडापच्या जीपची वाट बघत उभी होते, तेव्हा थोडं थोडं उलगडायला लागलं. पृथ्वी काही खुंटीसारखी एका जागी रोवलेली नाही. ती स्वतः सूर्याभोवती पळते, सेकंदाला तीसेक किलोमीटर. चंद्रही तिच्या बरोबरीनं त्याच वाटेवर पळतो. पृथ्वीभोवतीचं त्याचं फिरणं सेकंदाला एखादाच किलोमीटर. म्हणजे तो खुंटीला बांधलेल्या शेळीसारखा नाहीच. चरायला निघालेल्या कळपात करडू आईच्या कधी पुढं जातं, कधी मागं, कधी या अंगाला, कधी त्या अंगाला. करडाला वाटत असेल आपण आईभोवती फिरतोय. पण लांबून बघणाऱ्याला दिसतं, दोघंही एकाच वाटेनं चाललीत.

आणि तिथं, लोकांच्या गर्दीत, मला गेल्या थंडीतलं एक करडू आठवलं. बिबट्यानं आमची एक शेळी नेली होती. तिचं करडू नुकतंच चरायला लागलेलं. ते सकाळभर ओरडत होतं. मला वाटलं, ते आज गोठ्यातून निघणारच नाही, किंवा रानात कुठंतरी भरकटेल. आबांनी गोठ्याची ताटी उघडली. कळप निघाला. करडू कळपाबरोबर निघालं. वाटेवर एक वळण आहे, तिथं ते थांबलं, मागं बघून एकदा ओरडलं आणि परत चालायला लागलं. रोजच्याच वाटेनं. फक्त जरा कडेकडेनं. मी आबांना विचारलं होतं, "जगंल का हो?" आबा म्हणाले होते, "कळपाबरं चालतंय न्हवं? मंग जगंल."

पृथ्वी गेली तरी चंद्र कुठंही उडून जाणार नव्हता. तो सूर्याभोवती जवळपास त्याच वाटेनं चालत राहणार होता. थोडा आतून, नाहीतर थोडा बाहेरून.

हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण जीपमध्ये बसल्यावर लगेच दुसरी हुरहुर लागली. माझं घर बंद झालं तरी मी कुठं उडून जाणार नाही, हे तर बरंच झालं. मग मला घर कशासाठी हवं होतं? पाच दिवस मी तिथं नसतेच. मला शनिवारी परत यायला एक उंबरा हवा होता, आणि तो उंबरा जागेवर राहावा म्हणून तिथं कुणीतरी हंडे वाहायचे. तेही माझ्या आईनं. असं मी स्वतःला कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यापुढं उभी राहून सेमिनारची तालीम केली. हातात वही धरून, समोर वर्ग आहे असं समजून.

"समजा, पृथ्वी अचानक नाहीशी झाली…"

"कुठं गेली?"

"गेली नाही गं. गेली असं धरायचं."

"आसं कसं धरायचं? आपुन कुठं उबं ऱ्हायचं मंग?"

"आपणपण नाही असं धरायचं, आये."

"मंग बगनार कोन?" तिनं एक खडा उचलून लांब फेकला. "बरं, बोल पुढं."

मी बोलत गेले. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "आत्ता चंद्र उपग्रह आहे. पण पृथ्वी गेल्यावर तो एकटाच सूर्याभोवती फिरेल. म्हणजे तो ग्रह झाल्यासारखाच."

"झाल्यासारका कशाला? ग्रहच हाय की त्यो. पूजेला भटजी नऊ सुपाऱ्या मांडत्यात, त्यातली येक चंद्राची न्हाई व्हय?"

"ते वेगळं, आये."

"वेगळं कसं? नाव तर त्येच," ती म्हणाली आणि सूप आपटून उठली. उठताना तिनं नेहमीसारखा भिंतीला हात धरला.

त्याच आठवड्यात माझा सेमिनार झाला. फळ्यावर सूर्य काढला, वाट काढली, करडाचा दाखला दिला. करडू म्हटल्यावर दोघं-तिघं हसले, पण मग ऐकायला लागले. मी सांगितलं की पृथ्वी कोणत्या तिथीला नाहीशी होते यावर थोडं अवलंबून आहे. पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या बाहेरच्या अंगाला असतो आणि पृथ्वीच्याच दिशेनं पळत असतो. तेव्हा त्याचा वेग थोडा जास्त. त्या दिवशी पृथ्वी गेली तर तो थोडा बाहेरची वाट धरेल. अमावास्येला तो सूर्याच्या बाजूला असतो आणि थोडा उलटा चाललेला असतो, म्हणून वेग कमी. तेव्हा तो थोडा आत, सूर्याकडं सरकेल. पण दोन्ही वेळा सूर्याला सोडणार नाही.

सरांनी शेवटी विचारलं, "छान. मग तेव्हा त्याला उपग्रह म्हणायचं की काय म्हणायचं?"

मी तयारी केली होती. व्याख्या पाठ होती. पण तोंडातून निघालं, "ग्रहच हाय की त्यो."

सगळा वर्ग हसला. सर फळ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पंचांगवाल्यांनी नाव बदलायचा खर्च आधीच वाचवलाय." मग व्याख्या विचारली. ती मी सांगितली. बसताना मैत्रीण कानात म्हणाली, "करडू मस्त होतं." मला वाटलं, आता एक झालं, दुसरं राहिलं.

दुसरं त्याच शनिवारी समोर आलं. मी घरी पोचले तर आबांच्या हातात मोबाईल, स्पीकर चालू आणि पलीकडून दादा ओरडत होता. डोंगरात रेंज एकाच दगडावर येते, त्यामुळं सगळं घर त्या दगडाभोवती उभं होतं.

"आबा, टेम्पोवाला फकस्त अमावास्येला मोकळा हाय. दुसऱ्या दिशी पाडवा, समद्या गाड्या बुक. पाडव्याला नव्या घरात गुढी उभारू, मी म्हनतो."

"अमावास्येला घर हलवायचं?"

"म्हनून तर टेम्पो मिळतोय! त्या दिशी कुनी हलतच न्हाई."

"कुनी हलत न्हाई ते काय येडं म्हनून? अमावास्येला दावं बी सोडू नये जागचं." आबांच्या आवाजात मला एक सुटका ऐकू आली. त्यांना जायचं नव्हतं आणि तसं म्हणताही येत नव्हतं. आता तिथी मिळाली होती.

खरं म्हणजे सुटका मलाही वाटली. अमावास्या टळली, पाडवा टळला, की पुढं परीक्षा, मग पाऊस. डोंगरात पावसात कुणी घर हलवत नाही. माझ्या हो-नाहीची गरजच पडणार नव्हती.

आई दगडाला टेकून उभी होती. तिचा तळहात तेवढा गुडघ्यावर गोल गोल फिरत होता.

आबा फोन धरूनच माझ्याकडं वळले. "झालं का तुजं ते चंद्राचं?"

"झालं, आबा."

"मंग तूच सांग. तू चंद्र शिकतीस. अमावास्येला हलल्यावर काय व्हतं?"

घराला काही होत नाही, तिथीचा आणि टेम्पोचा काही संबंध नाही, हे मी म्हणू शकले असते. तेच खरं होतं. पण आबांनी मला चंद्राचं विचारलं होतं आणि चंद्राचं मला आता माहीत होतं. मी ते सांगितलं. पृथ्वी गेली तर काय, पौर्णिमेला काय, अमावास्येला काय. हातवारे करून सांगितलं. फोनमधून दादा म्हणाला, "बाई, बॅलन्स माजा चाललाय," तरी सांगितलं.

आबांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "म्हंजी पुनवंला सुटलं तर लांब जातं?"

"व्हय. थोडं बाहेरनं."

"आन् अमावास्येला सुटलं तर जवळ ऱ्हातं?"

"व्हय, पर जवळ म्हणजे सूर्याच्या, आबा. पृथ्वीच्या नाही. पृथ्वी तर तेव्हा…"

"सूर्याच्याच म्हनतोय म्या बी." त्यांनी खाली दरीकडं बघितलं. तिकडं कुठंतरी, दोन डोंगरांच्या पलीकडं, नसरापूर होतं. "मंग अमावास्याच बरी."

फोनमधून दादा म्हणाला, "आँ?"

"टेम्पो सांग म्हनतोय. लेकरांपासनं लांब जान्यापरीस जवळ गेल्यालं बरं. पोरगी शिकून सांगती, आपुन आयकाय नगं?"

मी म्हणाले, "आबा, तसं नाही ते. त्याचा घराशी…"

"तू काय म्हनतीस मंग? जायाचं का न्हाई?"

आता पळवाट नव्हती. आईचा हात गुडघ्यावर थांबला होता. ती माझ्याकडं बघत नव्हती, मोबाईलकडं बघत होती, जसं काही उत्तर त्यातून येणार होतं.

"जाऊ या," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लहान वाटला.

आईनं लगेच विचारलं, "पाटा न्यायचा का वरवंट्यासकट?" म्हणजे तिचं मन कधीच खाली पोचलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

अमावास्येला टेम्पो पालीपर्यंतच आला, पुढं वाट नाही. सामान आम्ही डोक्यावरून खाली आणलं. म्हैस आणि बाकीच्या शेळ्या आदल्या दिवशीच मामाच्या वस्तीवर गेल्या होत्या. आबांनी एकच शेळी ठेवली, तीही गेल्या थंडीतलं ते करडूच. आता ती चांगली वाढली होती. टेम्पोत चढायला ती तयार नव्हती. आबांनी तिला खांद्यावर घेऊन पाट्याशेजारी उभं केलं. आमच्या दाराला नुसती कडी होती, कुलूप कधी लागलंच नव्हतं. दादानं नवं कुलूप आणलं होतं. त्याची किल्ली आबांनी कमरेच्या करगोट्याला बांधली आणि दिवसभर तिथं हात लावून बघत राहिले.

मी वर बघितलं. आकाशात चंद्र नव्हता. म्हणजे होता. त्या दिवशी तो सूर्याच्या शेजारीच असतो, फक्त दिसत नाही. हे मी दादाला सांगणार होते, पण तो दोर आवळत होता.

पाडव्याला खोलीच्या गॅलरीत गुढी उभारली. आई सकाळी सगळ्यांच्या आधी उठून नळाजवळ बसली होती. भांडी भरून झाली तरी बसली होती. शेळी जिन्याखाली ओरडत होती आणि शेजारीण विचारून गेली, "ही इथंच राहणार का?" आबा म्हणाले, "आमी ऱ्हानार, मंग ती बी ऱ्हानार." मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही ओळखता आलं नाही. अजूनही येत नाही. माझ्या एका वाक्यावर ते खाली आले, आणि ते वाक्य त्यांना मला म्हणायचं होतं तसं पोचलं नव्हतं. मी नंतर एकदा समजावायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "कळलं मला. जवळ ऱ्हातं." मी परत प्रयत्न केला नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी भोरहून एसटीनं निघाले आणि नेहमीसारखी नसरापूरला उतरले. उतरून सवयीनं सरळ वडापच्या जीपकडं गेले. ड्रायव्हर ओळखीचा, वर्षानुवर्षांचा. त्यानं पुढच्या सीटवरची पिशवी उचलून जागा केली.

"चला ताई, तुमचीच जागा ठेवलीय. पाली, पाली!"

मी एक पाय आत टाकला होता.

"नाही, काका. मला हितंच उतरायचंय."

"हितं? मंग उतरलाच की."

"हो," मी म्हणाले. "उतरलेच."

त्यानं माझ्याकडं जरा विचित्रच बघितलं, पिशवी परत सीटवर ठेवली आणि दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली. जीप भरली आणि गेली. ती वळणाआड जाईपर्यंत मी तिथंच उभी होते. मग बाजारातून खोलीकडं निघाले. रस्ता सगळा सपाट, दोन्ही बाजूंना दुकानं. आई रस्त्यावर भाजी घेत होती. तिनं मला लांबूनच बघितलं. मी जवळ गेल्यावर म्हणाली,

"काय गं, कंबरेत वाकून काय चालतीस? चढ कुठं हाय हितं?"

मी थांबले. खरंच, मी पाठीवरची बॅग पुढं ओढून, गुडघ्यात जोर देऊन चालले होते, पालीवरून वर घराकडं निघाल्यासारखी. मी ताठ उभी राहिले. आईनं कोथिंबिरीची जुडी माझ्या हातात दिली आणि आम्ही दोघी निघालो. थोडं पुढं गेल्यावर माझ्या लक्षात आलं, तीही तशीच चालत होती.